बाबा सिरियस आहेत

आमच्या घरात इंग्रजी मला येतं असं सगळे म्हणतात, आणि मीही ते कधी खोडून काढलेलं नाही. तुर्भ्याच्या एका कंपनीत मी कंटेनरची कागदपत्रं बनवते, दिवसाला साठ-सत्तर ईमेल पाठवते. त्यामुळे बोनकोड्याच्या आमच्या आळीत कुणाला बँकेचं पत्र आलं, मुलाच्या शाळेची नोटीस आली, की फोटो काढून मला पाठवतात. लग्न होऊन कामोठ्याला गेले तरी ही चाकरी सुटली नाही. मला त्याचा वैताग येतो असं मी दाखवते. खरं सांगायचं तर आवडतं. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय हे कुणाला आवडत नाही?

राग मात्र मला खराच येतो आणि लवकर येतो. आई म्हणते, अमिताचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, शिंकली तरी खाली पडेल.

त्या रविवारी माहेरी गेले होते. कपडे मशीनमध्ये टाकायचे म्हणून बाबांचा सदरा उचलला, सवयीने खिसा चाचपला, तर बसच्या तिकिटांबरोबर एक चिठ्ठी निघाली. वहीचं पान उभं दुमडलेलं, आणि वरच्या बाजूला बाबांच्या वाकड्या अक्षरात, मराठीत, एकाखाली एक सहा शब्द.

डाय. पेन. वीक. विल. सोल. कोमा.

घडी उलगडणार तेवढ्यात बाबा आतून आले आणि त्यांनी चिठ्ठी माझ्या हातातून ओढून घेतली. माझे बाबा, रामचंद्र घरत, वय सदुसष्ट. लहानपणी खाडीत मासे धरले, मग तीस-पस्तीस वर्षं एमआयडीसीतल्या कारखान्यात पाळ्या केल्या. एवढ्या आयुष्यात त्यांनी कुणाच्या हातातून काही हिसकावून घेतलेलं मी पाहिलं नव्हतं.

"काय आहे ते?" मी विचारलं.

"काय नाय. डाक्टरचा कागद हाय."

"डॉक्टर मराठीत लिहितो?"

"तुना कनाला पायजे?" असं म्हणून ते चिठ्ठीसकट अंगणात गेले.

डॉक्टरचं प्रकरण तीन महिन्यांपासून चालू होतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारी तीन वाजता बाबा काखेत एक फाइल मारून सानपाड्याची बस पकडायचे. विचारलं की म्हणायचे, बीपीचा डॉक्टर. बीपी बघायला आठवड्यातून तीनदा? मी माझ्या धाकट्या भावाला, हितेशला, झापलं होतं. तो शाळेची व्हॅन चालवतो, दुपारी घरीच असतो, एक दिवस बरोबर जायला काय झालं होतं? तो म्हणाला, "ताई, मी दोनदा बोललो, सोडतो म्हणून. ते बोलतात, तुज्या व्हॅनला पोरांची चॉकलेटं चिकटलेली असतात. मी काय करू आता?"

कामोठ्याला परतताना रिक्षात मी ते सहा शब्द जुळवले. मरण. वेदना. अशक्तपणा. मृत्युपत्र. आत्मा. कोमा. कुणीतरी डॉक्टर बाबांना पायरी पायरीने सगळं समजावून सांगत होता आणि बाबा घरी येऊन ते मुकाट लिहून ठेवत होते. आम्हाला सांगायचं नाही, कुणाला त्रास द्यायचा नाही, हा त्यांचा जुना स्वभाव. कारखान्यात बोट चिरलं तेव्हा आठ दिवस हात खिशात घालून हिंडले होते. सोमवारी फोन केला तर उचलला नाही. मंगळवारी म्हणाले, "मना काय धाड भरलीय? बरा हाय मी." मी ठरवलं, शुक्रवारी सुट्टी टाकायची आणि मागोमाग जायचं.

शुक्रवार उजाडायची गरज पडली नाही. बुधवारी चार वाजता ऑफिसात असताना अनोळखी नंबरवरून मेसेज आला. अख्खा इंग्रजीत. मिस्टर घरत इज व्हेरी सिरियस. टुडे इज द लास्ट डे. ही डझ नॉट वॉन्ट द फॅमिली टू नो, बट आय फील यू शुड कम. खाली पत्ता: नीलमोहर सोसायटी, सानपाडा, पहिला मजला, रूम नंबर तीन. वेळ साडेचार. नाव, स्मिता केळकर.

सिरियस. या शब्दाला आमच्याकडे एकच अर्थ आहे. अमका सिरियस आहे म्हटलं की मुंबईतल्या पाहुण्यांना फोन जातात, मुलीला सासरहून बोलावतात आणि शेजारचे आपापली चूल लवकर उरकून घेतात. सिरियस माणूस बोलत नसतो, चालत नसतो. सिरियसच्या पुढे एकच स्टेशन उरलेलं असतं.

मी त्या नंबरवर फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. बाबांचा लावला, तो बंदच होता. पुन्हा बाईंचा लावला. मग हितेशला लावला.

"हितेश, बाबा सिरियस आहेत. सानपाड्याला. पत्ता पाठवते."

"काय बोलतेस? आता तर जेवून गेले ना यार! दोन वाटी आमटी पिऊन गेले!"

"तू नीघ. आणि आईला सांगू नको. एवढं एक काम कर माझं."

साहेबांना काय सांगितलं ते आठवत नाही. खाली येऊन रिक्षा पकडली. तुर्भ्याहून सानपाडा म्हणजे काय मोठं अंतर नाही, पण पुलाखाली ट्रक अडकले होते आणि रिक्षावाला आपला निवांत. वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत मला काहीच माहीत नव्हतं. बाबा आहेत की गेले, शुद्धीत आहेत की नाहीत, जवळ कुणी आहे की नाही. सगळ्यांवर राग आला. बाबांवर, त्या केळकर बाईंवर, फोन न उचलणाऱ्या अख्ख्या दुनियेवर. मग राग संपला आणि नुसती भीती उरली. मी एकवीरा आईला म्हटलं, माझ्या बाबांना राख, मी बोनकोड्याहून कार्ल्यापर्यंत चालत येईन. एरवी मी कोपऱ्यावरच्या दुकानात चालत जात नाही.

नीलमोहर सोसायटीच्या गेटवर वॉचमनला विचारलं, केळकर कुठे? तो म्हणाला, "वर जावा ताई. सगळे वरच जमलेत."

सगळे जमलेत!

पहिल्या मजल्यावर रूम नंबर तीनच्या बाहेर चपला होत्या. दहा-बारा जोड, म्हाताऱ्या माणसांच्या, नीट ओळीत लावलेल्या. त्यात बाबांच्या चॉकलेटी सँडल. दाराबाहेर इतक्या चपला मी ज्या ज्या घरी पाहिल्या होत्या, ती घरं मला एकामागून एक आठवली.  आतून कुणाचाच आवाज येत नव्हता. मी दार ढकललं.

आत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर दहा-बारा आजी-आजोबा बसले होते. समोर पांढरा फळा होता. आणि फळ्यासमोर, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, हातात मार्कर घेऊन माझे बाबा उभे होते.

"अमिता?" ते म्हणाले. "तू कशी काय इथं?"

 मी ओरडले, "तुम्ही मरत होतात ना!"

पहिल्या रांगेतले एक आजोबा खो खो हसले. कडेच्या खुर्चीवरून एक बाई उठल्या. सुती साडी, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. "तुम्ही त्यांच्या कन्या का? मीच मेसेज केला होता, प्रवेशाच्या फॉर्मवर तुमचा नंबर होता. मी स्मिता केळकर, हा ज्येष्ठांचा इंग्रजीचा वर्ग मी घेते. आज वर्गाचा शेवटचा दिवस, प्रत्येकाने थोडं बोलायचं आहे. घरत घरी कळवायला तयार नव्हते, पण मला वाटलं, इतका सिरियस विद्यार्थी..."

"मॅडम," मी म्हटलं, "सिरियस म्हणजे काय ते माहीत आहे का तुम्हाला?"

"अहो, चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं मी शाळेत," त्या जरा ताठ होऊन म्हणाल्या. "सिरियस म्हणजे मन लावून..." आणि मग त्यांचा हात तोंडावर गेला. "अगंबाई! तुम्ही मराठीत वाचलंत होय ते?"

मी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि भोकाड पसरलं. चौतीस वर्षांची घोडी, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, आणि दहा-बारा अनोळखी म्हाताऱ्यांसमोर लहान पोरीसारखी रडत होते. इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. कुणी पाणी दिलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. बाबा मार्कर हातात धरून नुसते उभे. 

तेवढ्यात जिन्यात धावपळ ऐकू आली. हितेश, आणि त्याच्यामागे धापा टाकत आई. सांगू नको म्हटलं की हितेश पहिलं तेच सांगतो, हे मला ठाऊक असायला हवं होतं. आईच्या काखेत बाबांचा तपकिरी स्वेटर होता. हॉस्पिटलात एसी असतो, त्यांना थंडी वाजेल म्हणून आणलेला.

आईने बाबांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुमाला काय नाय झालं?"

"नाय गो. मना काय व्हतंय?"

"मंग ही बोंब कनी मारली?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी केळकर बाईंकडे दाखवलं.  आईने डोळे पुसले आणि स्वेटर बाबांच्या पुढे धरला. "आनलाय तं घाला आता." आणि बाबांनी, बाहेर अंगाची लाही होत असताना, तो घातला.

मग मी चिठ्ठीचं विचारलं. बाबा ओशाळले. खिशातून ती काढून त्यांनी घडी उलगडली. पाठीमागच्या अर्ध्या पानावर, प्रत्येक शब्दासमोर, अर्थ लिहिले होते. डाय: केसाला लावायचा रंग. पेन: लिवायचा. वीक: आठवडा. विल: गाडीचं चाक. सोल: चपलेचा तळ. कोमा: स्वल्पविराम.

"एकसारखे ऐकू येणारे शब्द," केळकर बाई म्हणाल्या. "माणसं नेहमी त्यांत गोंधळतात. मी जोड्या देते, घरत घडी घालून पाठ करतात."

"पण बाबा, दुसरे अर्थ कुठेत? मरण, दुखणं, आत्मा?"

"ते कनाला लिवायचे?" बाबा म्हणाले. "ते मना आदीच म्हाईत व्हते. नवे व्हते ते लिवले."

हितेश हसत सुटला. मीही हसले, नाक पुसत पुसत.

आम्हाला मागे खुर्च्या दिल्या आणि वर्ग पुढे चालू झाला. बाबांचाच नंबर होता. विषय सगळ्यांना एकच होता, मी इंग्रजी का शिकलो. बाबा फळ्यासमोर स्वेटर घालून उभे राहिले. कपाळावर घाम होता. एकदा माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे, आणि एकेक शब्द जमिनीवर नीट ठेवावा तसे बोलायला लागले.

"माय नेम इज रामचंद्र घरत. लास्ट इयर माय वाइफ वॉज इनसाइड, विथ डॉक्टर. माय डॉटर वॉज इनसाइड. आय वॉज आउटसाइड. फॉर्टी मिनिट्स आय सॅट. नोबडी टोल्ड मी." इथे ते थांबले, आणि पुढचे दोन शब्द त्यांनी वेगवेगळे उच्चारले, एक आखूड आणि एक लांब, बाईंनी घोटून घेतले होते तसे. "आय डिड नॉट नो, शी विल लिव्ह, ऑर शी विल लीव्ह."

जगेल, की जाईल.

मला ती चाळीस मिनिटं म्हणजे काय ते लगेच आठवलं. गेल्या वर्षी आईच्या छातीत गाठ निघाली होती. तपासण्या झाल्या आणि रिपोर्ट ऐकायला आम्ही तिघं डॉक्टरांसमोर बसलो होतो. डॉक्टर भराभर इंग्रजीत बोलत होते, मला एक शब्द सोडायचा नव्हता, आणि बाबा सारखे विचारत होते, "म्हंजे? म्हंजे काय?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला कळणार नाही. बाहेर बसा जरा." ते उठून बाहेर गेले. डॉक्टर म्हणाले गाठ साधी आहे, धोका नाही, गोळ्या घ्या, वर्षभराने पुन्हा स्कॅन करा. आईला नर्सने सुईसाठी आत थांबवून घेतलं. मी बाहेर आले ती ऑफिसचा फोन कानाला लावूनच, कुठला तरी कंटेनर बंदरावर अडकला होता. बाबांच्या समोरून गेले, जिना उतरले, तशीच औषधाच्या दुकानात उभी राहिले. परत आले तेव्हा आई बाहेर येऊन त्यांच्या शेजारी बसली होती. मला वाटलं, सांगितलं असेल कुणीतरी.

बाबांनी त्यावर कधी चकार शब्द काढला नव्हता. रागावले नाहीत, टोमणा मारला नाही. सानपाड्याची बस पकडली.

मी वीस मिनिटं रिक्षात काढली होती, तर माझी ही अवस्था. त्यांनी याच्या दुप्पट काढली, आणि माझ्यामुळे काढली. लाज वाटली. पण खोटं कशाला बोलू, लाजेपेक्षाही मोठं होतं ते हे की ते समोर उभे होते. जिवंत, घामाघूम, तपकिरी स्वेटरमध्ये. माफी मागायला माणूस जागेवर आहे, यापेक्षा आणखी काय हवं असतं?

"नाउ आय नो सम वर्ड्स," बाबा म्हणाले. "नाउ आय विल सिट इनसाइड. थँक यू." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईला एक अक्षर कळलं नव्हतं, पण सगळ्यात जोरात तिच्याच टाळ्या.

केळकर बाईंनी शेवटी मार्कर घेऊन फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं: सिरियस. त्याखाली एक: मन लावून काम करणारा. मग मार्कर माझ्या हातात दिला. "दुसरा अर्थ तुम्ही लिहा. साठ जोड्या दिल्या मी यांना, हीच सुटली होती." मी लिहिला. खाली उतरताना बाबांना म्हटलं, "चुकलं माझं. मागच्या वर्षी." ते म्हणाले, "तू येशील म्हाईत असतं तं मी येगळं बोललो असतो." एवढंच. व्हॅनमध्ये बसल्यावर मी नवसाचं बोलून गेले आणि आईने ते पक्कं धरलं. कार्ल्याला मी जाणार आहे, पण थंडी पडू दे.

दीड महिन्याने आईचा स्कॅन झाला. रिपोर्ट काउंटरवर मिळाला, डॉक्टर यायला वेळ होता. आई बाहेर पाण्याच्या कूलरजवळ बाकावर बसली होती. बाबा आणि मी आतल्या खोलीत. मी पाकीट फोडलं. दोन परिच्छेद जड जड शब्दांचे, आणि खाली ठळक अक्षरांत शेवटचं वाक्य, त्यात तो शब्द: अनरिमार्केबल.

 अनब्रेकेबल म्हणजे जे मोडता येत नाही. मग अनरिमार्केबल म्हणजे? ज्याच्यावर काही बोलताच येत नाही? डॉक्टरांनी हातच टेकले की काय? रोज सत्तर ईमेल पाठवणारी मी, तो कागद धरून गोठून बसले. मोबाइलमध्ये बघायचंही सुचलं नाही.

"आन इकडं," बाबा म्हणाले. चष्मा लावला. वरपासून खालपर्यंत बोट फिरवत सगळं वाचलं, मध्ये दोनदा फाइलमधली वही उघडून बघितली. मग त्यांचं बोट त्या शब्दावर थांबलं.

"यात घाबरन्यासारकं काय हाय? मॅडमकडून हास्पिटलचे सगळे शब्द घेतले व्हते मी. अनरिमार्केबल म्हंजे सांगन्यासारकं काय नाय. काय नवीन नाय, काय वंगाळ नाय. बरी हाय ती."

"नक्की, बाबा?"

त्यांनी वही माझ्यापुढे धरली. वाकड्या अक्षरात लिहिलेलं होतं. मी खुर्चीत मागे टेकले. बाबांनी मात्र कागदाची घडी घातली, उठले आणि दाराकडे निघाले.

"कुठे चाललात? डॉक्टर येतीलच पाच मिनिटांत. त्यांना भेटू, मग आईला सांगू ना."

"तू भेट त्यांना," बाबा चालता चालता म्हणाले. "ती बाहेर बसलीय कवाची."